शेतातून कार्बन कमावू इच्छिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

रावेर तालुक्यातील आमच्या मळ्यावर नुकताच कार्बन क्रेडिटचा, म्हणजे शोषलेल्या किंवा टाळलेल्या कार्बनच्या विकाऊ प्रमाणपत्रांचा, व्यवहार करणाऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी येऊन गेला. बांधावरच्या जुन्या कडुनिंबाचे काही मिळेल का, असे विचारताच तो म्हणाला, ‘‘आप्पा, तो तर आधीपासूनच उभा आहे, नवीन लावाल त्याचेच क्रेडिट.’’ हे ज्ञान आपल्यालाही लाभावे, म्हणून पुढील सूचना.

जुनी झाडे जपण्याचा वेडेपणा प्रथम सोडावा.

बांधोबांध निलगिरी लावावी. ती झपाट्याने वाढते आणि पाणीही तितक्याच झपाट्याने ओढते. परंतु रावेर-यावलमध्ये भूजलाचा उपसा पुनर्भरणाला मागे टाकून गेला असला, तरी त्या पाण्याला क्रेडिटच्या बाजारात भाव नसल्याने आपण चिंता करू नये.

करारनामा वाचू नये.

आदर्श रसायन कारखान्यांचा ठेवावा. शीतकरणाचा एचसीएफसी-२२ वायू बनवताना एचएफसी-२३ हा वायू निघतो, ज्याचा एक किलो तापमानवाढीत दहा हजार किलो कार्बन डायऑक्साइडहूनही भारी पडतो. तापमानवाढ रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय क्योटो कराराखालील योजनेत तो नष्ट केल्याबद्दल क्रेडिट मिळू लागले, नष्ट करण्याचा खर्च मात्र किरकोळ होता. तेव्हा काही कारखान्यांनी मूळ वायू किती बनवायचा हेच क्रेडिटच्या गणितावर ठरवले. विझवण्याचा मेहनताना मिळतो म्हणून आग लावण्याचा हा उद्योग युरोपीय संघाने २०१३ मध्ये ही क्रेडिट नाकारेपर्यंत चालला, आणि तोवर ज्यांनी ती विकत घेतली ते आपापल्या चिमण्यांतून निर्धास्त धूर सोडत राहिले! याला पर्यावरण रक्षण म्हणायचे?

आता सरळच बोलतो. कोळशाला खरी किंमत लावा. भुसावळकडे जळणारा कोळसा घटला, तर कार्बनसोबत गंधक, पारा आणि राखही घटेल, वीजकेंद्राचे पाणीही वाचेल. तशी सुरुवात झालीही होती. २०१० मध्ये टनामागे ५० रुपये असलेला उपकर २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला, पण २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर स्वच्छ ऊर्जेसाठीचा तो पैसा राज्यांच्या महसूल भरपाईकडे वळवला गेला आणि कोणी हूं की चूं केले नाही. तुम्हीही नाही. तुम्ही मात्र प्रतिनिधीला चहा पाजून, पाण्याबद्दल एकही प्रश्न न विचारता, मुद्रांकावर सही करायला निघालात. ट्यूबवेल आटल्यावर केळीला काय प्रमाणपत्र पाजणार आहात?