आवाज फुटेपर्यंतचा नायक

२४ डिसेंबर १९५१ च्या रात्री एनबीसी या अमेरिकी वाहिनीने न्यूयॉर्कमधील आपल्या स्टुडिओतून ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’ ही जेमतेम पाऊण तासाची संगीतिका (ऑपेरा) थेट प्रक्षेपित केली. संगीतकार जान कार्लो मेनोत्तीने ती खास दूरचित्रवाणीसाठीच रचली होती आणि कुबडी घेऊन चालणाऱ्या अमालचे काम करणारा चेट ॲलन तेव्हा बारा वर्षांचा होता.

जुन्या कृष्णधवल चित्रणातला दारावरची थाप ऐकू येण्याचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहतो. कुबडी टेकत अमाल दाराशी जातो आणि परत येऊन आईला सांगतो, की बाहेर राजा आहे. मग दोन राजे, मग तीन. आई अर्थातच विश्वास ठेवत नाही. इथे मुलाचा गळा जितका बोलतो, तितकाच चेहरा बोलतो. ऑपेरागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत एवढा कोवळा आवाज पोचवणे कठीण; मायक्रोफोन आणि कॅमेरा जवळ आले, म्हणूनच लहान मुलाच्या खांद्यावर अख्खी संगीतिका ठेवता आली, असे माझे मत आहे.

अमालची भूमिका मुलानेच करावी, बाईने नव्हे, ही मेनोत्तीची अट होती. ती मला पूर्णपणे पटते, कारण सराईत गायिकेने मुलाचे सोंग घेतले असते, तर त्या दारातला भाबडेपणा उरला नसता. पण या अटीची दुसरी बाजू अशी, की आवाज फुटला की भूमिका संपली. संगीतिका नाताळात पुन्हा पुन्हा दाखवली गेली आणि लवकरच चेटच्या जागी बिल मॅकआयव्हर आला.

चेट पुढे १९५३ च्या एका चित्रपटात दिसला, मात्र ती प्रसिद्धी टिकली नाही. १९८४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. त्याचे खापर संगीतिकेवर फोडणे अन्यायाचे होईल. तरीही बाराव्या वर्षी देशभर पोचलेल्या मुलाला आपला गळा लवकरच बदलणार आहे, हे कोणी नीट समजावले असेल का, हा प्रश्न मला सोडत नाही.

१९६३ चे नवे चित्रण मेनोत्तीच्या गैरहजेरीत झाले, तेव्हा तो इतका नाराज झाला, की १९६६ मध्ये हक्क परत मिळताच त्याने त्या चित्रणाचे प्रक्षेपण थांबवले. संगीतिकेची राखण करायला तिचा कर्ता होता. मुलांच्या वाट्याला असा राखणदार आला होता की नाही, कोण जाणे.