अंमलबजावणीची रीत आधी ठरवा

‘निर्णय योग्य असतात, कर्मचाऱ्यांची इच्छाशक्ती कमी पडते’ हे सरकारी योजनांच्या अंमलबजावणीवरील लेखातील प्रतिपादन मला पटले नाही. २०१७ च्या दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांना ऑनलाइन अर्ज भरावे लागले. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या आणि निंदणाने झिजलेल्या अंगठ्यांचा ठसा यंत्रावर उमटेना, म्हणून म्हातारी माणसे पुन्हापुन्हा परत पाठवली गेली. याउलट डिसेंबर २०१९ मध्ये नागपूर अधिवेशनात जाहीर झालेल्या दोन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीत अर्जच मागितला नाही. बँकांनी खात्यांची माहिती द्यायची, याद्या गावात व शाखेत लावायच्या आणि शेतकऱ्याने आधारद्वारे ओळख पटवून रक्कम मान्य करायची, एवढेच ठेवले. उद्देश तोच होता, कर्मचारीही बहुतांशी तेच होते. रीत बदलली आणि हेलपाटे कमी झाले. आधार प्रमाणीकरणाची अडचण तेव्हाही होतीच, हे मान्य. तरीही दोष सरसकट गटसचिवावर (गावच्या सेवा सहकारी सोसायटीच्या सचिवावर) किंवा तलाठ्यावर टाकणे अन्यायाचे आहे, कारण योजनेची रचना ते ठरवत नाहीत आणि शेतकऱ्याचा रोष मात्र त्यांनाच सोसावा लागतो. शासन निर्णय काढण्यापूर्वी मंत्रालयाने या माणसांना एकदा तरी विचारावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.