'हायड्रोजन वाढवा' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

साहेब, नायट्रोजनमधला उरलेला ऑक्सिजन पॅलेडियम कॅटॅलिस्टच्या थरावर (बेडवर) हायड्रोजनशी जुळवून पाणी करून काढतात, त्या डीऑक्सोच्या भांड्यांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. पुन्हा इथे देतो: "लेखक कॅटॅलिस्ट विकायला बसलेत. आमच्या अंबडच्या प्लांटात नायट्रोजनमध्ये ऑक्सिजन वाढला की हायड्रोजन थोडा वाढवतो, भागतं. तांब्याचा बेड स्वस्त पडतो. फोटोही धड नाही."

फोटो अंधुक आहे, मान्य. पण विकायला बसलेत? सातपूर-अंबडात डीऑक्सोची भांडी उघडण्यात माझी नोकरी सरली, कुणाच्या कमिशनवर जगलो नाही. मुद्दा खोडा, हेतू कशाला काढता?

आता तुमचा हायड्रोजन. एक भाग ऑक्सिजनला दोन भाग हायड्रोजन, वर किंचित जास्तीचा. हवेतून नायट्रोजन वेगळा करणाऱ्या पीएसए यंत्राकडून ०.५ टक्का ऑक्सिजन येत असेल तर १ टक्क्याहून जरासा अधिक पुरे. तेवढा जातोय आणि तरी आउटलेटला ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) ऑक्सिजन दिसतोय, तर कमी पडतंय ते पॅलेडियम. हायड्रोजनचा नॉब फिरवण्याआधी बेडमधले थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारे सेन्सर, बघायचे. १ टक्का ऑक्सिजनमागे नायट्रोजन साधारण १६५ अंशांनी तापतो, म्हणजे तुमच्याकडे ८०च्या आसपास वाढ हवी, आणि तीही बेडच्या वरच्या भागातच. ती खाली सरकली असेल तर वरचा थर मेला: कंप्रेसरचं तेल, नाहीतर गंधक. तो थर काढूनच टाकावा लागतो.

सकाळी चालू करताना आकडा वाईट आणि तासाभरात सुधारतो, असं असेल तर ते पाणी. हायड्रोजन-ऑक्सिजन जुळून झालेली १ टक्का वाफ ७ बार गेज दाबाला ४० अंशांच्या आसपासच पाणी होऊन बसते. रात्री ओला गॅस भांड्यातच कोंडून प्लांट बंद केलात, तर नाशिकच्या डिसेंबरात कॅटॅलिस्टची छिद्रं पाण्याने भरणारच. बंद करण्याआधी कोरडा नायट्रोजन फिरवा. आधीच भिजलं असेल तर गरम कोरड्या नायट्रोजनने वाळवा, जीव परत येतो. तेल-गंधकाचं मात्र तसं नाही.

आणि पीएसए बिघडून २ टक्के ऑक्सिजन आला तर? हायड्रोजन मोजून दिला असता तर तो संपला की तापणंही थांबलं असतं. तुम्ही नॉब मोकळा सोडलाय, म्हणजे ३३० अंशांची वाढ. जास्त तापमानाला हायड्रोजन तोडणारा इंटरलॉक आहे का तुमच्याकडे, की तिथेही "भागतं"?

तांब्याचं म्हणाल तर हायड्रोजनशिवाय काही पीपीएम टिपायला ते ठीक. ०.५ टक्क्यावर लावलंत तर बेड बघता बघता भरेल आणि रिजनरेशनला, म्हणजे तो पुन्हा कामाचा करायला, हायड्रोजनच लागेल. स्वस्त कसं, ते तुम्हीच मांडून दाखवा.