सरगाठ, निरगाठ आणि मी

मला दोनच गाठी येतात: बुटाची आणि पायजम्याची. पहिली भर रस्त्यात सुटते, दुसरी घाईच्या वेळी सुटत नाही. एवढ्या भांडवलावर मी नळदुर्गाकडे मित्राच्या शेतात मुक्काम ठरवला, तंबू आणला आणि गच्चीवर सराव मांडला. सोलापूरचा एप्रिल, सूर्य बुडाला तरी फरशी तळपाय भाजत होती.

तंबूच्या दोरीला टॉट-लाइन हिच नावाची गाठ लागते. दोरी खुंटीमागून वळवून आणायची, ताठ दोरीला फासाच्या आतून दोन वेढे द्यायचे, बाहेरून एक, की झालं. ताण आला की वेढे दोरीला मुरडून जागीच चावून धरतात. ढील दिली की गाठ हातानं सरकते. म्हणजे सरगाठही तीच, निरगाठही तीच. असा स्वभाव मी आजवर फक्त बायकोच्या धाकट्या मामांत पाहिलाय.

माझी गाठ मात्र ताणली की सरकायची, सरकवली की अडकायची.

गच्चीला गच्ची लागून असलेले काका बघत होते. चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस. तुटला धागा दोन बोटांत असा जोडतात की गाठ कधी पडली ते कळत नाही. (विणकरांची ती गाठ आणि खलाशांची शीट बेंड, दोन्हींची रचना एकच. समुद्रापासून इतक्या लांब राहून काका अर्धे खलाशी!)

"काय करायलाव ओ सर?"

"सरकणारी गाठ मारतोय, काका."

"सरकती ती कसली गाठ ओ? चादरीत असली मारलो असतो तर मालकानं मलाच सरकवला असता."

दोष दोरीचा निघाला. गुळगुळीत नायलॉन! आतून तिसरा वेढा दिला आणि अकराव्या खेपेला गाठ बसली. सरकवली, थांबली. पुन्हा सरकवली, थांबली. बायको जेवायला हाका मारून दमली. चारही दोऱ्या बांधूनच खाली उतरलो.

सकाळी तंबू आवरायला गेलो तर एकही गाठ हलेना. प्रत्येकीच्या मागे एक छोटीशी, देखणी निरगाठ.

"रात्री वारं सुटलं होतं ओ," पलीकडून काका म्हणाले. "तुमची सरकायली होती. चारी पक्की करून दिलो."

नळदुर्गाला आम्ही उघड्यावर झोपलो. तंबू गच्चीवरच आहे. बायको त्याच्या दोऱ्यांवर चादरी वाळत घालते. ओली सोलापुरी चादर टाकली तरी दोरी इंचभर ढळत नाही.