पियानोवरचे पेप्सीचे ग्लास

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' २०१८ मध्ये थिएटरात पाहिला तेव्हा रडलो होतो. परवा घरी आत्याबरोबर पुन्हा पाहिला. पुन्हा रडलोच, पण या वेळी चिडचिडही झाली.

सिनेमात क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी एकट्याच्या अल्बमसाठी करार करतो, बाकी तिघं दुखावतात, बँड फुटतो. मग १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या जलशासाठी सगळे पुन्हा एकत्र. अहो, क्वीन फुटला कधी होता? १९८४ मध्ये त्यांचा 'द वर्क्स' हा अल्बम आला, त्याचा दौरा मे १९८५ पर्यंत चालू होता. आणि एकट्याचा अल्बम काढायचा 'गुन्हा' ड्रमर रॉजर टेलरने १९८१ मध्येच करून ठेवला होता. सिनेमाच्या संगीताची बाजू याच टेलरने आणि गिटारवाल्या ब्रायन मेने सांभाळली, म्हणजे ठाऊक नव्हतं असंही नाही.

आजाराचं तर मला पटतच नाही. लाइव्ह एडच्या तालमीत फ्रेडी सोबत्यांना एड्सचं सांगतो. त्याचा जोडीदार जिम हटन याने निदानाचं साल १९८७ सांगितलंय. दोन वर्षं मागे ओढली कशासाठी? तर गाण्याला 'कारण' हवं म्हणून. अडतिसाव्या वर्षी भर जोमात असलेला माणूस लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नुसता मजेत गातोय, हे यांना पुरेना.

आणि जे खरोखर घडलं ते मात्र गाळलं. लाइव्ह एडची सुरुवातीची झलक सोडली तर गोष्ट सुरू होते ती हीथ्रो विमानतळावर सामान उचलणाऱ्या पोरापासून. पाचगणीचा एक शॉट नाही! झांझिबारमध्ये जन्मलेला फारोख बलसारा हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्सच्या बोर्डिंगात राहिला, पियानो शिकला, 'फ्रेडी' झाला. १९५८ मध्ये पोरांनी 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. शाळेच्या सहलीत आम्ही टेबललँडवर घोड्यावर बसलो, कणसं खाल्ली, जॅम घेऊन घरी आलो. हे कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तरी आम्ही घोड्यावरच बसलो असतो म्हणा.

मध्येच आत्याने विचारलं, "आवाज याचाच का रे?" म्हटलं, थोडा फ्रेडीचं काम करणाऱ्या रामी मलेकचा, थोडा मार्क मार्टेल नावाच्या कॅनडातल्या गायकाचा, बाकी फ्रेडीचाच. "म्हणजे आपल्यासारखंच की," म्हणाली आणि निवांत झाली. मलेकला ऑस्कर मिळालं, पण मला पहिला अर्धा तास त्याचे खोटे दातच दिसत होते.

मग लाइव्ह एड आलं आणि माझी सगळी कुरकुर बंद पडली. तिथे कुणी डोकं चालवलेलं नाही, जसंच्या तसं उतरवलंय. पियानोवर पेप्सीचे कागदी ग्लास ओळीने ठेवलेत. त्याची पांढरी बंडी, अर्ध्या दांड्याचा माइक. तो 'ए-ओ' म्हणतो, मैदान मागून म्हणतं. "कीर्तनात बुवा म्हणवून घेतात तसं," आत्या म्हणाली. 'रेडिओ गा गा'ला डोक्यावर हात नेऊन टाळ्या द्यायला तिला कुणी सांगावं लागलं नाही, गुडघेदुखी असली तरी खांदे ठीक आहेत.

सिनेमा संपल्यावर तिला यूट्यूबवर खरा कार्यक्रम लावून दिला, एकवीसेक मिनिटांचा, सिनेमात गाळलेल्या दोन गाण्यांसकट. ती पुढे वाकून बघत होती.

"अरे, ग्लास तेच!"

थोडा वेळ गेला.

"पण हा जास्त वांड आहे."