भंगारातला परोपकार

वर्षानुवर्षं एका जागी उभी, चारही टायर बसलेली, बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटलेली एखादी जुनी गाडी तुमच्या हाती लागली असेल, तर अभिनंदन. ती आता पुन्हा रस्त्यावर धावणार नाही हे उघड आहे. फ्लोअरच्या पत्र्यातून गवत वर आलंय, दार उघडलं की खांबासकट खाली येतंय. तेव्हा तिचे सुटे भाग काढावेत आणि त्याच मॉडेलपायी झोप उडालेल्या जगातल्या इतर वेड्यांना द्यावेत, असं तुमच्या मनात आलं. विचार थोर आहे. हा थोर विचार दोन दिवसांत मातीत कसा घालायचा, ते इथे सविस्तर सांगतो.

सुरुवात घाईने करा. जाम झालेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल कामाच्या आठवडाभर आधीपासून रोज थोडं थोडं सोडायचं असतं, कारण आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीतून ते झिरपायला वेळ लागतो. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं घेऊनही काम भागतं. ते दोन्ही एकजीव राहत नाहीत, म्हणून बाटली दर वेळी हलवावी लागते, एवढंच. पण हे रिकामटेकड्यांचे उद्योग. तुम्ही सकाळी पोहोचा, तेल मारा, दोन मिनिटं नटाकडे रोखून बघा आणि पान्याला चार फुटी पाइप लावून लोंबकळा. बोल्टचं डोकं तुटून हातात येईल. उरलेला दांडा ज्याला मिळेल, तो ड्रिल लावताना तुमची आठवण काढेल.

पान्यांच्या मापाचा बाऊ करू नका. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी, आणि तुमच्याकडे 13चा पाना आहे, बसतोय ना? त्या 0.3 मिमीच्या सैलपणात बोल्टचे सहाही कोपरे गोल होतात. मग पकड, मग छिन्नी, मग ग्राइंडर, ही चढती भाजणी ओघाने येतेच. काही जुन्या गाड्यांत डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात आणि बऱ्याचदा स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या दांड्याच्या, टोकावर ‘एल’ कोरलेला असतो. तो वाचायला चिखल पुसावा लागेल. त्यापेक्षा पाइप आणखी लांब घ्या.

निघालेले सगळे नट, बोल्ट, वॉशर एकाच डब्यात टाका. जाणती माणसं भाग काढला की त्याचे बोल्ट त्याच भोकांत हाताने परत फिरवून ठेवतात, नाहीतर पिशवीत घालून चिठ्ठीसकट त्या भागालाच बांधतात. वॉटर पंप किंवा टायमिंग कव्हरसारख्या ठिकाणी तर पुठ्ठ्यावर आकार काढून, भोकं पाडून, ज्याचा बोल्ट त्याच्या भोकात खोचतात. कारण तिथले बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकतो. माणसाला वाटतं घट्ट झाला, आणि आणखी अर्धा फेरा दिला की बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकतं. तुमच्या डब्यामुळे हे कोडं घेणाऱ्याला मोफत मिळेल. फोटोही काढू नका. फोटो असला की ब्रॅकेट कुठल्या बाजूने बसतं याची मजाच जाते.

आता चमकणाऱ्या गोष्टींकडे वळू, कारण तुम्ही तिथेच आधी धावणार आहात.

दारावरच्या स्टीलच्या पट्ट्या पातळ असतात आणि पत्र्यावर क्लिपांनी धरलेल्या असतात. टोकाला बहुधा एक स्टड असतो, त्याचा नट दाराच्या आतून लागलेला असतो. म्हणजे आधी काच फिरवायचा हँडल काढा, मग दाराचा आतला पुठ्ठा काढा, मग तो नट सोडवा, मग लाकडी किंवा प्लॅस्टिकची रुंद पाचर प्रत्येक क्लिपेजवळ सरकवत पट्टी थोडी थोडी उचला. एवढ्या भानगडीपेक्षा एका टोकाला स्क्रू-ड्रायव्हर घालून खेचलं की पट्टी एका झटक्यात येते, मधोमध मोडून. तो मोड पुढे कुणी कितीही ठोकून पॉलिश केला तरी उन्हात दिसतोच, कारण तिथला धातू ताणला गेलेला असतो. बॉनेटवरची नावाची अक्षरं तर जस्ताच्या मिश्रधातूची, ठिसूळ. त्यांच्या पिना मागून स्प्रिंग-क्लिपांत अडकलेल्या असतात. मागे हात घालून क्लिपा काढण्याऐवजी समोरून उचकटा. नऊ अक्षरांपैकी सहा तरी शाबूत निघतील, आणि त्या सहांतून कुणी ना कुणी नवं मॉडेल बनवेलच.

समोरची काच काढणं ही कला आहे, म्हणून ती टाळा. रबरी बीडिंगमध्ये बसवलेली काच असेल तर बीडिंगच्या खाचेत एक अडकपट्टी असू शकते. ती ओढून काढली की रबर ढिलं पडतं. पुढचा प्रश्न असा की त्या मॉडेलचं नवं बीडिंग मिळतं का. मिळत असेल तर जुन्याचा बाहेरचा ओठ धारदार सुरीने सगळीकडून कापावा आणि काच आतून एका वरच्या कोपऱ्यापासून दोन्ही तळव्यांनी हळूहळू ढकलावी; बाहेर झेलायला दुसरा माणूस हवा. नवं मिळत नसेल तर ते कडक झालेलं रबरच काचेपेक्षा दुर्मिळ. मग साबणाचं पाणी, बोथट लाकडी पट्टी आणि अर्धा दिवस. तुम्ही मात्र आतून लाथ घाला. समोरच्या लॅमिनेटेड काचेला एका बिंदूवर दाब सोसत नाही. दारांच्या कडक केलेल्या काचा समोरून धक्का खातात, पण कडेला पान्याचा टोला बसला की खडीसाखर. एवढ्यातून एखादी काच वाचलीच तर ती उभी, लाकडी पट्टीवर, फोम लावून ठेवायची असते. तुम्ही ती आडवी ठेवा आणि तिच्यावर गिअरबॉक्स.

वायरिंगसाठी कटर आहेच. सगळा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, अखंड काढायचा तर प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर नाव लिहावं लागतं, कनेक्टर सोडवावे लागतात, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, रबरी भोकातून जुडगा हळूच ओढावा लागतो. अखंड काढणं जमत नसेल तर कनेक्टरमागे निदान 15-20 सेंमी वायर ठेवायची असते, म्हणजे घेणाऱ्याला नवा जोड लावता येतो आणि रंग पाहून वायर ओळखता येते. तुम्ही अगदी कनेक्टरच्या गळ्याशी कापा. स्वच्छ दिसतं.

इंजिनबद्दल बोलायचं तर त्याच्यात एकपत्नीव्रत फार. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी एकत्र धरून भोक पाडलेलं असतं. टोप्या बदलल्या की भोक गोल राहत नाही. व्हॉल्व्ह हलवणारे सपाट बुडाचे टॅपेट आपापल्या कॅमच्या उंचवट्यावर घासून जुळलेले असतात. त्यांची अदलाबदल झाली की कॅम खाल्ला जातो. मागच्या एक्सलमधली क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाकं कारखान्यातच जोडीने घासलेली असतात, बऱ्याचदा दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. तुम्ही हे सगळे घटस्फोट एका संध्याकाळी उरकू शकता: गोणी उघडा, ओता, हलवा. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, काढताना बोल्ट कडांपासून मध्याकडे, प्रत्येकी थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करायचे असतात, म्हणजे हेड वाकत नाही. तुम्ही जो हाताला लागेल तो आधी पूर्ण काढा. कार्बोरेटर पेट्रोलसकट काढून तसाच वर्षभर ठेवा. आतलं पेट्रोल वाळून लाखेसारखं चिकटेल. मग कुणीतरी जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीच्या, भोकात तार घालेल, भोक मोठं होईल आणि गाडी आयुष्यभर काळा धूर काढत फिरेल. पुण्य दूरवर पोहोचतं ते असं.

इंजिन जाम असेल तर प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडा, आठवडा थांबा, क्रँक पुलीचा बोल्ट धरून हाताने हलवून बघा, असं जाणते म्हणतील. त्यांना म्हणू द्या. स्टार्टर कशासाठी असतो?

इथे क्षणभर थट्टा बाजूला. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. विटा आणि काँक्रीटचे ठोकळे फुटतात, स्टँडच लावा. बॅटरीची तार काढताना बॉडीला जोडलेलं टोक आधी, बहुधा ते ऋण असतं. रिकामी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते. तिच्याजवळ ग्राइंडर नाही, गॅस-टॉर्च नाही. दाबलेली कॉइल स्प्रिंग साध्या पान्याने सोडवायची नसते. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, हवा मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांच्या तोंडाशी सांडू नका. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलतं. झालं. आता पुन्हा मूर्खपणाकडे.

काय ठेवायचं आणि काय फेकायचं, हा निर्णय वजनावर घ्या. इंजिन ब्लॉक जड, म्हणून मौल्यवान, ठेवा. काच फिरवायचा हँडल, डॅशबोर्डचं बटण, दिव्याची रंगीत काच, सन-व्हायझरचा आकडा, एअर क्लीनरचा पंखवाला नट हे हलके, म्हणून कचरा. लोक वर्षानुवर्षं शोधत असतात ते नेमके हेच, पण त्यांच्या हट्टापायी आपण का वाकायचं? कुजलेला दाराचा पुठ्ठा आणि फाटलेला कार्पेटही पेटवून द्या. त्यांच्यावरून माप घेऊन नवा हुबेहूब कापता येतो, क्लिपांची भोकं कुठे येतात ते कळतं, ही फक्त त्यांची किंमत. कुणाला फ्लोअरचा कोपरा हवा असेल तर गंजाच्या अगदी काठावरून कापा. चांगल्या पत्र्याचे 5-10 सेंमी जास्त ठेवले तर वेल्डिंगवाल्याला काम सोपं जाईल, आणि आपल्याला ते बघवणार नाही. प्लॅस्टिकचे भाग भर थंडीतच काढा. उन्हात ठेवले की ते नरम होतात आणि तुटत नाहीत.

उरलेलं सगळं उघड्यावर रचून त्यावर प्लॅस्टिक घट्ट बांधा, म्हणजे आतली दमट हवा आतच राहील आणि गाडीने जे वीस वर्षांत केलं ते ढीग एका पावसाळ्यात करेल. डावं-उजवं कशावरच लिहू नका.

मग कधीतरी कुणीतरी विचारेल, मागच्या डाव्या दाराची काच ज्या खाचेतून सरकते ती पट्टी आहे का, असल्यास लांबी सांगा आणि फोटो पाठवा. संध्याकाळ होऊ द्या. अंधारात, लांबून, अख्ख्या ढिगाऱ्याचा एक फोटो काढा आणि खाली लिहा: “यातली कुठली?”