तुऱ्याला तुरा लावून हाती काय येतं?

फिंच हे चिमुकले पक्षी पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरत असतो. 'जो रंग हवा त्याच रंगाचे नर-मादी लावा. रंग पक्का करायचा तर भाऊ-बहिणीची जोडी उत्तम. तुरेवाल्याला तुरेवालीच द्या. पिल्लं मेली तर खाण्यात कमी पडलात.' त्यातल्या झेब्रा फिंच या जातीच्या बाबतीत यातलं किती टिकतं ते पाहू.

तुऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो हिशोब बोटांवर होतो. तुरा हा प्रभावी गुण. आई किंवा बाप, कुणा एकाकडून आला तरी पुरे. दोघांकडून आला तर मात्र जीव जगत नाही. तुरेवाली जोडी लावून आठ फलित अंडी मिळाली, तर सरासरी चार पिल्लं तुरेवाली, दोन साधी आणि दोन गेलेली. आता तोच नर साध्या डोक्याच्या मादीला लावा. आठात चार तुरेवाली, चार साधी. तुरे दोन्हीकडे चारच! मग ते दोन जीव कशापायी घालवायचे? टॉर्चच्या उजेडात अंड्यात लाल शिरांचं सुरेख जाळं दिसलेलं असतं, आणि तरी त्यातून काही निघत नाही. मग माणूस एगफूड (अंड्याचं खाद्य) वाढवतो, कॅल्शियम वाढवतो, शेवटी मादी बदलतो. दोष त्यातल्या कशाचाच नसतो.

'रंगाला तोच रंग' हे अर्धं खरं आहे. फॉनला, म्हणजे फिकट तपकिरी पक्ष्याला, फॉन लावलं की सगळी फॉन निघतात, मान्य. पण गरज काय? फॉनचा जीन झेड गुणसूत्रावर असतो. नराकडे झेड दोन, मादीकडे एकच. म्हणून फॉन नर आणि ग्रे (राखाडी) मादी लावली की सगळ्या मुली फॉन आणि सगळे मुलगे ग्रे, पण फॉनला स्प्लिट, म्हणजे फॉनचा जीन अंगात लपलेला. नरांचे गाल केशरी व्हायच्या कितीतरी आधी, पिसं फुटली की नर-मादी कळतात. उलटं करून, म्हणजे स्प्लिट नसलेला ग्रे नर आणि फॉन मादी लावून पाहा. एकही फॉन निघणार नाही. आणि 'फॉनला स्प्लिट मादी' म्हणून कुणी पक्षी देऊ लागला तर नमस्कार करून निघा. तशी मादी असूच शकत नाही.

पांढरा आणि पाइड (पांढरे चट्टे असलेला) हे अप्रभावी रंग, म्हणजे आई-बाप दोघांकडून आले तरच दिसणारे. पिढ्यानपिढ्या पांढऱ्याला पांढराच लावत गेलं की पक्षी बारके होत जातात, म्हणून मुरलेले लोक मध्येच अंगाने भरलेला ग्रे आणतात. त्या पिढीत पांढरं दिसत नाही. पण तीच स्प्लिट पिल्लं पुढे पांढऱ्याला लावली की निम्मी पांढरी. धीर एका पिढीचाच लागतो.

भाऊ-बहिणीचा सल्ला मात्र सरळ घातक. लपलेला रंग ज्या वाटेने वर येतो, त्याच वाटेने लपलेलं व्यंगही येतं. जीनला कुठे कळतं आपण हवेसे की नकोसे! शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये झेब्रा फिंचवरच दाखवलं की भावंडांच्या जोड्यांत गर्भ अंड्यातच लवकर मरण्याचं प्रमाण जास्त असतं.

एक गोष्ट मेसेजच्या बाजूने जाते, ती लपवत नाही. गोल्डियन फिंच या दुसऱ्या जातीत लाल डोक्याला काळं डोकं लावलं तर पिल्लं, विशेषतः माद्या, जास्त मरतात असं प्राइक आणि ग्रिफिथ यांनी 2009 मध्ये मांडलं. पण ती गोल्डियनची गोष्ट.

राहिलं खाणं. उपाशी जोडी पिल्लं वाढवत नाही, हे कुणी नाकारत नाही. पण 2015 च्या एका जर्मन अभ्यासात, आपणहून जमलेल्या झेब्रा जोड्यांची जबरदस्तीने लावलेल्या जोड्यांपेक्षा 37 टक्के जास्त पिल्लं जगली. गर्भ दोन्हीकडे सारखेच मेले; फरक पडला तो पिल्लं बाहेर आल्यावर, सांभाळण्यात. तेव्हा जुळणारे, नात्यात नसलेले तीन-चार नर आणि तितक्याच माद्या पायात ओळखीच्या रिंगा घालून मोठ्या पिंजऱ्यात सोडा. कोणते दोन एकाच दांडीवर अंगाला अंग लावून एकमेकांच्या मानेची पिसं विंचरतात ते पाहा, आणि त्यांनाच वेगळं घरटं द्या.